डिकोडर मी जाळला, बिरू

बिरू, तुझ्या दहाव्याला मिरजेला आलो होतो. मांडवात बसलो असताना शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमी त्यांच्या खेळण्यातले सोबती न्हवं?" मी हो म्हटलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं. आजारपणात तेवढाच विरंगुळा हुता माणसाला."

मी उठून चहाच्या पातेल्याकडे गेलो. तिथेच बसलो असतो तर त्या भल्या माणसाला काहीतरी बोलून गेलो असतो. विरंगुळा म्हणे! नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चालणाऱ्या इंजिनाच्या पोटात केसाएवढी तार जोडताना तुला कुणी पाहिलं असतं, घामानं भिजलेली तुझी बनियन पाहिली असती, तर हा शब्द कुणाच्या तोंडात आला नसता. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल मवाळ लिहावं. मला ते जमणार नाही. तूही कधी मवाळ नव्हतास.

तुझी-माझी ओळख घड्याळामुळे झाली. तू मिरजेचा डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर, लोणंदला बहिणीकडे आला होतास. माझं स्टेशनरोडला घड्याळदुरुस्तीचं दुकान. तू मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवलंस आणि म्हणालास, "दिवसाला दोन मिनिटं मागं पडतंय."

मी म्हणालो, "दोन मिनिटं म्हणजे फार नाही, साहेब. वापरा."

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पुन्हा डोळ्याला भिंग लावलं. "घड्याळजी, माझ्या गाडीला दोन मिनिटं म्हंजी दोन किलोमीटर. तुमाला फार न्हाई?"

त्या दिवसापासून वीस-बावीस वर्षं आपण भांडलो. तू माणच्या माळरानावरचा, बाप मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडणारा. मी तीन पिढ्यांचा घड्याळजी, लोणंदच्या बाहेर फारसा न गेलेला. आपल्यात सारखं काही नव्हतं. एवढंच होतं, की थोडं चुकलेलं चालतं असं म्हणणारा माणूस आपल्या दोघांनाही सहन होत नसे.

तू निवृत्त झालास तोवर माझं दुकानही निवृत्त झाल्यासारखंच होतं. मोबाइल आल्यावर घड्याळ दुरुस्त करून घेणारं कोण राहिलं? पट्टे आणि बॅटऱ्या बदलत बसायचो. आणि तुला कंपवात झाला. उजवा हात आधी, मग डावा. एका मंगळवारी तू दुकानात आलास, पिशवीतून कापसात गुंडाळलेलं इंजिन काढलंस. दोन काड्यापेट्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल, एवढंच लांब. परदेशी बनावटीचं, पण रंग तू स्वतः दिलेला, तुझ्या खऱ्या इंजिनाचा.

"हे चालतं का?" मी विचारलं.

"चालतं. पण शाणपणानं न्हाई. रुळात वीज सोडली की रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळत्यात, मेंढरांवानी. एक उठलं की सगळी. मला तसं नको." मग तू कागदाची पुडी उघडलीस. आत नखाएवढी हिरवी पट्टी, तिला रंगीत तारांची शेपटं. "ह्यो डिकोडर. ह्यो पोटात बसवला की हरेक इंजिनाला आपला नंबर. वीज सगळ्यांस्नी, पण ज्याला हाक मारीन त्यानंच हलायचं. माझा बाप दीडशे मेंढरांत एकीला नावानं हाक मारायचा, आन् तीच यायची. लावशील का बसवून?"

"हे तुझ्या घरच्यांना मान्य आहे?"

"डाक्टरलाबी मान्य न्हाई. बारीक काम सोडा म्हणतोय. म्हणून तर तुझ्याकडं आलो."

असं सुरू झालं आपलं. महिन्यातून दोन मंगळवार तू गाडीनं लोणंदला यायचास. वाटणी ठरलेली. यंत्राचं काम माझं, तारांचं तुझं. या छोट्या इंजिनात मोटर दोन धातूच्या तुकड्यांमध्ये दाबून बसवलेली असते आणि त्या धातूतूनच तिला वीज मिळते. डिकोडर बसवायचा तर आधी मोटर त्या धातूपासून तोडायची. मी कानशीनं धातू घासून जागा करायचो, मोटरच्या तांब्याच्या पट्ट्यांखाली ती पिवळी, उष्णता सहन करणारी चिकटपट्टी लावायचो, आणि स्क्रू आवळायचो. मग तू तारा जोडायचास. लाल आणि काळी रुळाकडून, नारिंगी आणि राखाडी मोटरकडे. तुझ्या हाताला कंप होता, तरी तू दहा वेळा थांबून, श्वास धरून वितळलेल्या कथलाचा एकेक टाका द्यायचास. मी बघत नाही असं दाखवत बघायचो.

शेवटी तपासणी. त्यात तू कसाई होतास. मीटरची एक सुई मोटरला, दुसरी धातूला. मीटर वाजला तर वीज चोरवाटेनं जाते आहे, म्हणजे डिकोडर जळणार. "मीटर गप राह्यला पायजे," तू म्हणायचास. मग हातभर लांबीचा चाचणीचा रूळ. त्यात वीज अगदी कमी, म्हणजे कुठं चूक राहिली असेल तरी डिकोडर वाचतो. तिथे डिकोडरला त्याचा नंबर विचारायचा. कोरा डिकोडर नेहमी 'तीन' असंच उत्तर देतो. गाड्या चालवायच्या हातयंत्राच्या पडद्यावर तीन उमटला की तू म्हणायचास, "बोलला. जिता हाय." या दोन पायऱ्या झाल्याशिवाय कुठलंही इंजिन तुझ्या घरच्या मोठ्या रुळावर जाणार नाही, हा तुझा कायदा. तीन वर्षांत आपण आठ इंजिनं केली, एकही जळालं नाही.

आता सांगलीचं सांगतो. तुला जे सांगितलं नाही ते.

सांगलीच्या एका शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन होतं. तू तुझ्या घरचा अर्धा रूळमार्ग उचलून नेलास, थर्माकोलात केलेल्या लोणंदपुढच्या आदर्की घाटासकट. तुझे जुने साथीदार बोलावले होतेस, दहा-बारा ड्रायव्हर आणि गार्ड, सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. नववं इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा चालणार होतं. प्रवासात हादरे बसून त्याची मोटर सैल झाली होती आणि राखाडी तार सुटली होती. मी मोटर पुन्हा बसवली, स्क्रू आवळले. तू खिडकीशी उभा राहून तार जोडलीस. लोक टेबलाभोवती जमले होते. कुणीतरी म्हणालं, "आवं साहेब, गाडी लेट झाली की."

तू मला विचारलंस, "मीटर लावला?"

मी म्हणालो, "लावला."

"चाचणीच्या रुळावर?"

"झालं. ठेव."

दोन्ही केलं नव्हतं, बिरू. लोक खोळंबले होते, आणि मला वाटलं, माझ्या हातून आवळलेला स्क्रू कशाला चुकेल?

तू इंजिन मोठ्या रुळावर ठेवलंस. ते हललंही नाही. त्याच्या छपराच्या फटीतून बारीक धूर आला आणि करपलेला वास. मागून तुझा एक साथीदार हसत म्हणाला, "आयुष्यभर न्हाई जाळलं, ड्रायव्हरसाहेब, आन् आता खेळण्यातलं जाळलं व्हय?" वाईट हेतूनं म्हणाला नाही तो. सगळे हसले. तूही हसलास. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातलेस आणि प्रदर्शन संपेपर्यंत बाहेर काढले नाहीस.

लोणंदला येऊन मी इंजिन उघडलं. तुझा टाका मी भिंगाखाली पाहिला. गोल, चकचकीत, जिथल्या तिथे. मग मोटर काढली. माझ्या स्क्रूनं तांब्याची पट्टी वाकवली होती आणि तिच्या कडेनं पिवळी चिकटपट्टी फाटली होती. सुईच्या टोकाएवढं भोक. मीटर लावला असता तर ठणाणा केला असता त्यानं.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "यासीन, उघडलं का? माझा टाका पसरला हुता न्हवं?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. असेल. मी धड खोटंही बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. त्यानंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. दुकान गेलं, गिऱ्हाईक गेलं, डोळेही अधू झाले, पण माझा हात चुकत नाही ही एकच गोष्ट माझ्याकडे उरली होती, ती कशी सोडू? आता हे कारण कागदावर वाचताना लाज वाटते. माझा हात वाचवायला मी तुझा हात दिला. तुझ्याकडे आधीच कमी असलेला.

सात महिने तू तारेला शिवला नाहीस, लोणंदलाही आला नाहीस; एखाद्या मंगळवारी मीच मिरजेला येऊन तुमच्यात जेवून जायचो. मी फोन केला की म्हणायचास, "आता न्हाई जमत गड्या. उगा महागाची वस्तू जाळायची." वहिनी, तुझी हिराबाई, मला एकदा म्हणाली, "भावजी, दिसभर हात मांडीखाली दाबून बसत्यात. कुणाला दिसू नये म्हणून." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होईल बरं."

आणि मग तू परत आलास. त्यात माझा काहीच वाटा नव्हता, हे मला आज ठासून सांगायचं आहे. एका मंगळवारी न कळवता दुकानाच्या पायरीवर उभा. चेहरा सुकलेला, पाय ओढत चाललेला, आणि खांद्याला पिशवी. पिशवीतून दोन कापडी उशा काढल्यास, वहिनीनं शिवलेल्या, आत वाळू भरलेल्या. टेबलावर ठेवून त्यांत दोन्ही मनगटं रोवलीस.

"गोळी घेतली की पाऊण तास हात थांबतोय," तू म्हणालास. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. म्हंजी दिवसातनं दोनदा हात माझा असतोय. तेवढं पुरं. डिकोडर काढ."

"बिरू, पुन्हा जळला तर?"

"जळू दे की. हात चुकला तर पुन्हा जोडायचं. हात चुकल म्हणून हात बांधून बसायचं, हे कुणी सांगितलं? म्या सात महिने बसलो बांधून. लय मूर्खपणा केला."

चूक माझी आहे हे कळलेलं नसतानाच तू त्या चुकीवर मात केलीस. जी चूक तुझी नव्हतीच, ती अंगावर घेऊन तिच्यावर पाय देऊन उभा राहिलास. मला त्या क्षणी अभिमान वाटला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगायला तोंड उघडलं, तर तू घड्याळ दाखवलंस. पाऊण तासातली दहा मिनिटं गेली होती. नंतर मी मनाशी म्हणालो, आता सांगितलं तर त्याची ही जिद्द फुकट जाईल. हेही कारण खोटंच. तुझी जिद्द माझ्या गप्प राहण्यावर उभी नव्हती.

पुढची दोन वर्षं तू पाऊण-पाऊण तासांत काम केलंस. जळालेलं नववं इंजिन पुन्हा उभं केलंस, आणखी तीन केलीस. एकदा गाडीला उशीर झाला आणि लोणंदला पोचेपर्यंत गोळीचा अंमल उतरला होता. तर तू फलाटावरच्या बाकावर बसून दुपारच्या गोळीची वाट पाहिलीस, आणि दुकानात येऊन कामाला बसलास, जेवलाही नाहीस.

आवाजावरून आपलं भांडण मात्र मिटलं नाही. आता आवाजाचे डिकोडर मिळतात, इंजिन घरघरतं, हॉर्न देतं. मी म्हणायचो, एक तरी बसवू. तू ऐकायचा नाहीस. "खोटा हॉर्न नको मला. म्या खरा दिलाय, फाटकावर, धुक्यात, रुळावर म्हसरं आली तवा. तो करंगळीएवढ्या डबीतनं यायचा न्हाई." मी म्हणायचो, मग खोटा घाट कसा चालतो? त्यावर तू म्हणायचास, "घाट बोलत न्हाई." पण मी हरलो असं मानू नकोस. एखाद्या दिवशी बसवीनच. काय करशील?

शेवटी आलास तेव्हा बाराव्या इंजिनानंतरचं, सगळ्यांत लहान इंजिन आणलं होतंस. यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणारं. त्यात डिकोडरला जागाच नव्हती. मी दोन आठवडे कानस चालवली होती. तू तीन तारा जोडल्यास, चौथी राहिली. हात थरथरायला लागला तशी डागणी, म्हणजे टाका द्यायची ती तापलेली सळई, जागेवर ठेवलीस. "राहू दे तसंच. म्या येऊन जोडतो." मग ताप आला, छातीत कफ भरला, मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस. मी भेटायला आलो तेव्हा तोंडाला नळी होती. तिथेही मी बोललो नाही. नळी लावलेल्या माणसाला सांगणं म्हणजे त्याला उत्तर देऊ न देणं, एवढं तरी मला कळत होतं. तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली.

दहाव्याला तुझ्या थोरल्या चुलतभावानं, म्हाळाप्पांनी, बाहेरच्या खोलीतला रूळमार्ग उचलायला माणसं लावली. "पाव्हणं बसायला जागा पायजे. माणूस गेला, आता ह्यो पसारा कशापायी?"

वहिनी दारातून आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "पाव्हणं मांडवात बसतील. ती गाडी उठायची न्हाई."

"आगं, सुतकाचं घर हाय."

"तर काय झालं? सुतक मला हाय. रुळाला न्हाई."

कुणी हात लावला नाही. म्हाळाप्पा पुटपुटत बाहेर गेले. मला त्या घडीला असं वाटलं की आता तरी मी गप्प बसलो तर मला या घरात पाणी प्यायचा हक्क नाही. पंगत उठल्यावर मी वहिनीला त्याच खोलीत सगळं सांगितलं. मीटर, स्क्रू, फाटलेली पट्टी, 'असेल'. काही लपवलं नाही.

ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "सात महिने त्यांनी मला भाकरी मोडाया लावली, भावजी. हात मांडीखालनं काढत न्हवते. ते तुमच्यापायी?"

"होय."

"आन् तुमी मंगळवारी येऊन आमच्यात जेवून जायचा."

"होय."

"जावा आता," ती म्हणाली. "आज मला तुमचं त्वांड बघायचं न्हाई."

मी गाडीनं लोणंदला आलो. तिनं माफ केलं नाही, बिरू, आणि मला बरं वाटलं. लगेच माफ केलं असतं तर ते तुझं घर वाटलं नसतं.

बारा दिवसांनी तिचा फोन आला. "ते बारकं इंजिन घेऊन रविवारी या. त्यांच्या सांगलीच्या सोबत्यांस्नीबी बोलावलंय. त्यांच्यापुढं सांगायचं, कुणामुळं जळलं ते. मला एकटीला सांगून भागत न्हाई. हसले तवा ते सगळे हुते."

मी गेलो. वहिनी आयुष्यभर ब्लाउज शिवत आलेली. तिनं चष्मा लावला, तुझ्या त्या वाळूच्या उशा बाजूला सारल्या, "मला नगंत," म्हणाली, आणि चौथी तार मी दाखवली तशी स्वतः जोडली. पहिला टाका फुगला. तिनं तो काढला. दुसराही काढला. तिसरा बसला. मीटर तिनं धरला, मला दिला नाही. चाचणीच्या रुळावर इंजिनानं नंबर सांगितला, तो तिनं मोठ्यानं वाचला.

तोवर खोली भरली होती. नऊ माणसं, तेच इस्त्रीचे शर्ट. मी उभा राहिलो. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलण्यापलीकडे मी कधी चार माणसांत बोललेलो नाही, तुला ठाऊक आहे. पण बोललो. बिरदेवचा टाका उत्तम होता, म्हणालो. मी तपासणी केली नाही आणि केली म्हणून सांगितलं. नंतर त्याला चूक स्वतःची वाटू दिली. सात महिने.

सांगलीला हसलेला तो साथीदार मागच्या रांगेतून उठला. मला वाटलं, माझ्यावर येतोय. तो रूळमार्गापाशी आला, त्यानं घाटाच्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाला, "लाइनीवर अशी खोटी नोंद केली असती तर तुमाला घरी पाठवलं असतं, घड्याळजी."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"पण म्या हसलो. हसाया काय तुमी सांगितलं न्हवतं मला."

मी तुझी माफी मागणार नाही, बिरू. तू इथे नाहीस, आणि नसलेल्या माणसाकडून माफी मिळाली असं ठरवून हलक्या मनानं घरी जाणं मला जमायचं नाही. हे ओझं मी ठेवून घेतो. पण तुझ्या हाताबद्दल यापुढे कुणी 'बिचारा' म्हणालं, विरंगुळा म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही. चहाच्या पातेल्याकडे जाणार नाही. तिथेच बसून सांगेन.

वहिनीनं त्या बारक्या इंजिनाला हाक दिली, ते निघालं, यार्डातले चार डबे ढकलत गेलं. माणसं वाकून बघू लागली, एकमेकांना सिग्नल चुकल्याबद्दल टोचू लागली. कुणी रडत होतं, कुणी वाद घालत होतं. वहिनी आत गेली आणि कापसात गुंडाळलेलं आणखी एक इंजिन घेऊन आली. तू कधी घेतलं होतंस, मला माहीत नाही. तिनं ते माझ्यापुढं ठेवलं, माझ्याकडे न बघता.

"हे उघडा," ती म्हणाली.